सॅप ईएचएस : जुन्या प्रॉडक्ट सेफ्टीत राहावे, की एस-फोरच्या नव्या मॉड्यूलकडे वळावे?

पाताळगंगा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी रसायन अभियांत्रिकीचा पदवीधर आहे. नोकरीची पहिली चार वर्षे पाताळगंगा औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात काढली. निर्यातीच्या मालाच्या सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके आणि हाताळणी सांगणारी कागदपत्रे, तयार करणे आणि ड्रमवर चिकटवायच्या लेबलांचा मजकूर तपासणे हे माझे तिथले काम होते. त्यानंतर पुण्यात एका सल्लागार कंपनीत आलो आणि गेली सात वर्षे सॅप या कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ईएचएसवर (पर्यावरण, आरोग्य व सुरक्षा), म्हणजे ज्याला हल्ली सगळे ‘क्लासिक’ म्हणू लागले आहेत त्या जुन्या मॉड्यूलवर, फंक्शनल सल्लागार म्हणून काम करतो आहे. माझा दिवस सीजी०२ या स्पेसिफिकेशनच्या स्क्रीनमध्ये उगवतो आणि तिथेच मावळतो. स्पेसिफिकेशन (एकेका पदार्थाची नोंद), व्हॅल्यू असाइनमेंट (त्याखालचे गुणधर्म), फ्रेज सेट (ठरावीक वाक्यांचे संच), डब्ल्यूडब्ल्यूआयची (डेटा शीट आणि लेबले तयार करणाऱ्या भागाची) टेंप्लेटे आणि धोकादायक मालाचे मास्टर (मूळ नोंदी) यांपलीकडे मी फारसे काही पाहिलेले नाही. आमचा ग्राहक युरोपातली मध्यम आकाराची एक रसायन कंपनी असून ती अजून ईसीसी ६.० या सॅपच्या जुन्या आवृत्तीवर आहे.

आता कंपनीने माझ्यापुढे दोन पर्याय ठेवले आहेत. पहिला असा, की याच ग्राहकाच्या सपोर्टचे तीन वर्षांचे कंत्राट नव्याने झाले असून त्याचे नेतृत्व मी करावे. हाताखाली सात जण, पगारात बरी वाढ आणि रोज ओळखीचेच काम. ग्राहकाने एस-फोर हाना या सॅपच्या नव्या आवृत्तीविषयी अद्याप काहीही ठरवलेले नाही. विचारले की ‘२०२७ जवळ आले की पाहू’ असे उत्तर मिळते; ईसीसीची नेहमीची देखभाल तेव्हा संपते. दुसरा पर्याय म्हणजे दुसऱ्या एका ग्राहकाच्या एस-फोर प्रकल्पात इन्सिडंट मॅनेजमेंट (अपघातांच्या नोंदी) आणि कामाच्या जागेच्या जोखीम मूल्यमापनाचे काम शिकत शिकत करावे. तिथला टीम लीड माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे, पगार आहे तोच राहील आणि पहिले तीन महिने मी बहुतेक इतरांच्या मीटिंगांची टिपणे काढत बसेन. मानपानाचा प्रश्न मी बाजूला ठेवू शकतो, परंतु सात वर्षांची कमाई दारात ठेवून आत जायचे का, हे ठरत नाही.

माझ्या मनात तीन शंका आहेत. तीन वर्षांनी क्लासिक जाणणाऱ्याला कोण विचारणार, ही पहिली. नव्या मॉड्यूलचा डेमो पाहिला तेव्हा मला त्यात टाइल्स, फॉर्म आणि मंजुरीची साखळी एवढेच दिसले; हे दोन महिन्यांत कोणीही शिकेल, मग त्यात विशेषज्ञ म्हणून किंमत कशी येणार, ही दुसरी. आणि तिसरी अशी, की अपघाताच्या नोंदी करताना माझे रसायनशास्त्र वाया जाणार नाही का? एक मित्र तर म्हणतो की सॅपच सोड आणि एनाब्लॉन, इंटेलेक्स किंवा कोरिटी या इतर कंपन्यांच्या सुरक्षा सॉफ्टवेअरपैकी एखादे शिक. ज्यांनी हा घाट ओलांडला आहे त्यांनी कृपया सांगावे.


फ्लॅशपॉइंट

पाताळगंगा, तुमची ‘जुने की नवे’ ही मांडणीच मला पटत नाही. तुमच्यापुढचे दोन पर्याय हे एकाच विषयाची जुनी आणि नवी आवृत्ती नसून मुळात दोन वेगळे विषय आहेत. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या मालात काय आहे, त्याने कोणाला इजा होऊ शकते आणि ते कोणत्या भाषेत, कोणत्या कागदावर सांगायचे, हा एक विषय. त्याच फाटकातून सकाळी आत आलेला माणूस संध्याकाळी धडधाकट बाहेर पडेल ना, हा दुसरा. दोन्ही एकाच ईएचएस नावाखाली आले, त्यामागे सॅपचा इतिहास आहे. नव्वदच्या दशकात टेक्निडाटा या जर्मन कंपनीच्या साथीने सॅपने जे उभारले त्याचा कणा स्पेसिफिकेशन डेटाबेस हा होता आणि त्यालाच कामगारांच्या आरोग्याचा व औद्योगिक स्वच्छतेचा भाग जोडून दिला गेला. पुढे २०१० मध्ये सॅपने टेक्निडाटा विकतच घेतली. अपघात व्यवस्थापनाची जी नवी पिढी आली ती मात्र जुन्या कण्यावर बेतलेली नव्हती.

त्यामुळे निर्णयही विषयागणिक वेगळा होतो. कामगार सुरक्षेच्या बाजूला जायचे असेल तर जुन्याकडे ढुंकूनही पाहू नका. क्लासिकचे इंडस्ट्रियल हायजीन अँड सेफ्टी एस-फोरमध्ये आणलेलेच नाही. उत्पादनाच्या बाजूची गोष्ट वेगळी आहे. क्लासिकची प्रॉडक्ट सेफ्टी काही काळाची मुभा म्हणून एस-फोरमध्येही चालू दिली गेली आणि तिच्या शेजारी प्रॉडक्ट कम्प्लायन्स नावाने नवे घर बांधले गेले. जुन्या घरातले सामान नव्या घरात नेताना कोणता खोका काचेचा आहे, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस आज हवा आहे. तो सहज मिळत नाही, कारण जुने जाणणारे सपोर्टमध्ये अडकून पडले आहेत आणि नवे जाणणाऱ्यांनी जुने कधी उघडून पाहिलेले नाही.

एक प्रसंग सांगतो. आम्ही एका ग्राहकाचा क्लासिकमधला डेटा नव्या व्यवस्थेत हलवत होतो. टीम तरुण आणि फिओरीत, म्हणजे सॅपच्या नव्या टाइल्सच्या स्क्रीनमध्ये, तरबेज होती. द्रावकात विरघळवलेल्या एका रेझिनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते ते) जुन्या स्पेसिफिकेशनमध्ये एकाच आकड्यात न लिहिता ‘६० ते ६२’ असा टप्प्यात लिहिलेला होता. नव्या अपलोडच्या साच्यात त्या जागी एकच आकडा बसत होता आणि ज्याने साचा भरला त्याने टप्प्याचा वरचा आकडा, म्हणजे ६२, उचलला. वाहतुकीच्या नियमांत ज्वालाग्राही द्रवाची, म्हणजे वर्ग ३ ची, सीमा ६० अंश सेल्सिअस आहे आणि ६० हा आकडा सीमेच्या आत धरतात. लेबलावर ज्वालेचे चिन्ह येण्यासाठीही तीच ६० ची रेषा आहे. दोन अंशांच्या फरकाने तो माल चाचणी सिस्टममध्ये निरुपद्रवी ठरला. धोकादायक मालाची तपासणी निमूटपणे पार पडली, डिलिव्हरी अडली नाही आणि लेबलावरची ज्वाला गेली.

आमच्या चाचणीच्या तक्त्यात या ओळीवर हिरवा रंग होता, कारण डिलिव्हरी अडू नये हेच आम्ही अपेक्षित निकाल म्हणून लिहिले होते! ही चूक पकडली ती ग्राहकाच्या गोदामातल्या कारकुनाने. नमुन्याचे लेबल हातात घेतल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, की या ड्रमवरची ज्वाला कुठे गेली. जुन्या नोंदीच्या खाली कोणीतरी टीप लिहून ठेवली होती: दोन प्रयोगशाळांचे दोन निकाल आले आहेत, वर्गीकरणासाठी खालचा धरावा. ती टीप सीजी०२ मध्ये दोन क्लिकच्या अंतरावर होती, परंतु तिथे टीप असू शकते हेच टीममध्ये कोणाला ठाऊक नव्हते.

तुमच्या सात वर्षांची किंमत ही आहे. मात्र ती तीन वर्षांच्या सपोर्टमध्ये वसूल होणार नाही. ‘एस-फोरकडे जाण्याचा आराखडा अमुक तारखेपर्यंत ग्राहकापुढे ठेवू आणि त्या कामात मी असेन’ हे लेखी मिळत असेल तर पहिला पर्याय जरूर घ्या. नाहीतर ती वाढ तुमच्या पुढच्या बाजारभावातून वजा होते आहे, असे समजा.


टाइल्सवाला

फ्लॅशपॉइंट सरांचा प्रसंग वाचला आणि मान्यही केला, तरी एका गोष्टीबद्दल नम्र मतभेद नोंदवतो. मी पाच वर्षांचा अनुभव असलेला, तुमच्या भाषेत ‘नव्या’ बाजूचा माणूस आहे. क्लासिकचे ज्ञान म्हणून जे आम्हाला सांगितले जाते त्यातला निम्मा भाग विषयाचे ज्ञान नसून त्या सिस्टमच्या खोडी सांभाळण्याची सवय असते. फाइल सर्व्हरवर चढवायला सीजी३झेड, टेंप्लेटमध्ये चिन्ह सापडले नाही की सीजीसीझेड चालवून पाहणे, आणि डब्ल्यूडब्ल्यूआयचा सर्व्हर का थांबला हे शोधत गेल्यावर त्या मशीनवर वर्डची एक खिडकी ‘ओके’ दाबायची वाट पाहत रात्रभर उघडी होती असे सकाळी कळणे. हे ज्ञान त्या सिस्टमबरोबरच सती जाणार आहे. पाताळगंगा यांनी आपल्या सात वर्षांचा हिशेब मांडताना खोडी किती आणि विषय किती, हे प्रामाणिकपणे वेगळे करावे.

नव्या मॉड्यूलमध्ये ‘फॉर्म आणि मंजुरीची साखळी’ एवढेच दिसले, हे डेमोपुरते खरे आहे. डेमोत बोट कापलेल्या माणसाची एक सरळसोट नोंद दाखवतात. प्रत्यक्षात इजा झालेला माणूस कंत्राटदाराचा निघतो, त्याची नोंद मनुष्यबळाच्या मास्टरमध्ये नसते, अपघात एका प्लांटच्या आवारात पण दुसऱ्या कंपनी कोडच्या यंत्रावर झालेला असतो आणि वैद्यकीय तपशील कोणी पाहावा, कोणी पाहू नये यावर कामगार प्रतिनिधी अडून बसलेले असतात. अधिकारांची रचना, वर्कफ्लोचे नियम, बीआरएफ प्लस या नियम लिहिण्याच्या साधनातल्या अटी आणि अहवालांसाठीचे सीडीएस व्ह्यू (डेटाच्या तयार मांडण्या) ही सगळी कामे दोन महिन्यांत शिकण्यासारखी नाहीत. फंक्शनल माणसाला सीडीएस व्ह्यू निदान वाचता आला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. जो ईएसटीआरएच आणि ईएसटीव्हीए ही स्पेसिफिकेशनची टेबले एसई१६ या टेबल पाहण्याच्या स्क्रीनमध्ये उघडून खरेखोटे करत आला आहे त्याला ते जड जाऊ नये.

सॅप सोडण्याविषयी : एनाब्लॉन २०१६ मध्ये वोल्टर्स क्लुवरकडे गेले, इंटेलेक्स २०१९ मध्ये फोर्टिव्हने घेतले आणि कोरिटी पूर्वी मेडगेट नावाने ओळखली जात असे. मालक आणि नावे बदलत राहतात, काम मात्र साधारण तेच राहते. या व्यवस्थांमध्ये ग्राहकाचाच प्रशासक बरेचसे फॉर्म स्वतः बदलू शकतो, त्यामुळे तिथे सॅपसारखी सल्लागारांची पलटण लागत नाही. पण कर्मचारी, प्लांट आणि यंत्रांचा मास्टर बहुतेक ठिकाणी सॅपमधूनच येतो. तो जोड सांभाळणाऱ्याला दोन्ही बाजू कळाव्या लागतात. मित्राचा सल्ला उडवून लावू नका, पण सगळे सोडून तिकडे धावण्याचेही कारण नाही.


फ्लॅशपॉइंट

टाइल्सवाला, वर्डच्या खिडकीचा किस्सा मी नाकारू शकत नाही. त्या खिडकीने माझी एक दिवाळी खाल्ली आहे. खोडी आणि विषय वेगळे करा, हे तुमचे म्हणणे रास्तच आहे. फक्त एवढेच जोडतो, की काही खोडींच्या पोटात विषय लपलेला असतो. एकाच मिश्रणाची तीन स्पेसिफिकेशने का केली आहेत, हे पाहिल्यावर वाटते की कोणीतरी गबाळेपणा केला आहे. शोधत गेले की कळते, त्यातले एक रेसिपीप्रमाणे खरे घटक दाखवते, दुसरे ग्राहकाला जाहीर करायचे घटक दाखवते आणि तिसरे वाहतुकीसाठी आहे. नव्या सिस्टममध्ये तिन्ही एकत्र करणारा महाभाग मी पाहिलेला आहे. त्यानंतर ग्राहकाची गुप्त रेसिपी चाचणीच्या डेटा शीटच्या विभाग ३ मध्ये, म्हणजे घटकांच्या विभागात, टक्क्यांसह छापून आली होती.


सुरक्षा अधिकारी, ठाणे-बेलापूर

मी सल्लागार नाही. तुम्ही लोक जे उभारून देता ते वापरणारा माणूस आहे, म्हणून थोडक्यातच लिहितो. पाताळगंगा यांना अपघाताच्या नोंदीत ज्ञानाची गरज दिसली नाही, याचे कारण आमच्याकडे आलेल्या सल्लागारालाही ती दिसली नव्हती.

त्याने फॉर्म उत्तम केला होता. दिसायला देखणा, मोबाइलवर चालणारा. मात्र ‘लॉस्ट टाइम’ (काम बुडाले का) हा खूण करण्याचा रकाना त्याने होय-नाही असा ठेवला. आमच्या कायद्यात हिशेब तासांचा आहे. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८८ प्रमाणे ज्या अपघातामुळे माणूस ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकत नाही त्याची सूचना द्यावी लागत असे आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेतही ४८ तासांचीच मर्यादा आहे. आमच्या मूळ कंपनीचा जर्मनीतला कारखाना मात्र तीन दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली की विमा संस्थेला कळवतो, इंग्लंडमधला सात दिवसांपेक्षा जास्त झाली की तिथल्या यंत्रणेला कळवतो आणि अमेरिकेत तर दिवस न गमावताही, साध्या प्रथमोपचारापलीकडे वैद्यकीय उपचार लागले तरी, नोंदवहीत नोंद करावी लागते. एका होय-नाहीच्या रकान्यातून हे चारही निकाल कसे निघणार? शेवटी आम्ही एक्सेलची जुनी वही शेजारी चालू ठेवली. ती आजही चालू आहे.

दुसरी तक्रार. थोडक्यात टळलेल्या अपघाताची, म्हणजे निअर मिसची, नोंद करण्यासाठी त्याच सल्लागाराने प्रत्यक्ष अपघाताचाच लांबलचक फॉर्म ठेवला. फोर्कलिफ्टचा चालक पाळी संपताना बस पकडण्याच्या घाईत असतो. पॅलेट खांद्याजवळून गेले हे सांगायला त्याला मूळ कारणाचे वर्गीकरण निवडायला लावले, तर तो काही सांगणारच नाही. तेव्हा तुम्ही नवे मॉड्यूल शिकलात, तर निदान एक आठवडा कोणत्यातरी कारखान्यात पाळीच्या बदलाच्या वेळी उभे राहून पाहा. तुम्ही चार वर्षे शॉप फ्लोअरजवळ काढली आहेत, हे तुमच्या प्रमाणपत्रांपेक्षा मला जास्त मोलाचे वाटते.


ऱ्हाइनकाठ

मी बारा वर्षांपासून जर्मनीत आहे आणि ग्राहकाच्या बाजूने, म्हणजे एका रसायन कंपनीच्या अंतर्गत आयटी विभागात, हाच विषय पाहतो. म्हणून बाजाराविषयी थोडे.

तारखा आधी नीट पाहू. ईसीसी ६.० च्या एन्हान्समेंट पॅकेज (सुधारणांचा संच) ६ ते ८ वर असलेल्यांना सॅपची नेहमीची देखभाल २०२७ च्या अखेरीपर्यंत आहे आणि जादा पैसे मोजून ती २०३० च्या अखेरीपर्यंत वाढवता येते. त्याआधीच्या पॅकेजांची मुदत २०२५ बरोबर संपली. ‘२०२७ जवळ आले की पाहू’ म्हणणारा तुमचा ग्राहक एकटा नाही, आमच्याकडेही बराच काळ असेच बोलत होते. परंतु मोठ्या प्रकल्पाला दोन-अडीच वर्षे लागतात, म्हणजे असे म्हणणारा प्रत्यक्षात २०३० चे तिकीट काढून बसलेला असतो. यावरून तुमच्या तीन वर्षांच्या कंत्राटाचा अर्थ लावता येईल : पहिली दीड-दोन वर्षे शांत जातील आणि मग एका सकाळी घाईघाईने स्थलांतराची सुरुवात होईल. त्या सकाळी तुम्ही टेबलाच्या कोणत्या बाजूला असाल, हे आजच ठरवायला हवे. सपोर्टची टीम अशा वेळी फक्त ‘माहिती पुरवणारी’ म्हणून बोलावली जाते आणि प्रकल्प दुसऱ्याच कंपनीकडे जातो. आम्हीच असे केले आहे, म्हणून सांगतो.

दुसरी गोष्ट, कायदा सॉफ्टवेअरसाठी थांबत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये धोक्यांचे नवे वर्ग आणले : अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्यात बिघाड करणारी द्रव्ये, पर्यावरणात टिकून राहून सजीवांत साठणारी द्रव्ये, टिकून राहून पाण्याबरोबर दूर जाणारी द्रव्ये. नव्याने बाजारात येणाऱ्या मिश्रणांना ते १ मे २०२६ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या मिश्रणांना १ मे २०२८ पासून लागू आहेत. ईयूएच३८० पासून ईयूएच४५१ पर्यंतची धोका सांगणारी नवी वाक्ये फ्रेजच्या संग्रहात सर्व भाषांत यावी लागतात, वर्गीकरणाचे नियम बदलावे लागतात आणि हजारो डेटा शीट पुन्हा काढाव्या लागतात. म्हणजे ज्या काळात स्थलांतर होणार त्याच काळात हेही काम अंगावर येणार. तुमच्या ग्राहकाला ही दोन कामे एकत्र मांडून दाखवा. जुन्या सिस्टममध्ये एकदा आणि नव्यात पुन्हा, असा दुहेरी खर्च होतो हे वित्त विभागाला पटकन समजते. एस-फोरचा आराखडा लवकर हलवायला मला याच मुद्द्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

आता तुमच्या तिसऱ्या शंकेविषयी, म्हणजे रसायनशास्त्र वाया जाईल या भीतीविषयी. फ्लॅशपॉइंट यांनी माल आणि माणूस असे दोन विषय केले ते समजावून सांगण्यासाठी ठीक आहे, पण एका जागी हे दोन्ही विषय एकमेकांना भेटतात आणि तुमच्यासारख्यासाठी तीच जागा मला सर्वांत योग्य वाटते. जर्मनीत १९९६ च्या कामगार सुरक्षा कायद्याने मालकावर प्रत्येक कामाचे जोखीम मूल्यमापन करण्याची जबाबदारी टाकली आहे. त्या मूल्यमापनासाठीचा ‘गेफेर्डुंग्सबॉयरटाइलुंग’ हा शब्द उच्चारायला मला सहा महिने लागले, पण त्याच्याशिवाय इथे कारखान्याचे पान हलत नाही. त्यात धोकादायक द्रव्ये आली की वेगळा नियमसंग्रह लागू होतो. बाहेरून विकत घेतलेल्या प्रत्येक रसायनाची डेटा शीट वाचायची, त्यातले वर्गीकरण आणि हवेतल्या प्रमाणाच्या मर्यादा नोंदवायच्या, कोणत्या कामात, कोणत्या तापमानाला, किती मात्रेत ते वापरले जाते हे पाहायचे, त्यावरून कोणते हातमोजे, कोणती हवेशीर व्यवस्था हे ठरवायचे आणि शेवटी कामगाराला समजेल अशा भाषेत यंत्राशेजारी लावायचे एक पान तयार करायचे. सॅपच्या नव्या आरोग्य व सुरक्षा मॉड्यूलमध्ये ही साखळी आहे आणि माझ्या पाहण्यात तिचीच अंमलबजावणी सर्वांत लंगडी असते, कारण अपघाताची बाजू जाणणाऱ्या सल्लागाराला डेटा शीट वाचता येत नाही आणि डेटा शीट लिहिणारा कामाच्या जागेवर फिरकलेला नसतो.

आमच्याकडे एकाने पुरवठादाराच्या डेटा शीटमधला विभाग ८ (संरक्षक साधनांचा) जसाच्या तसा चिकटवून कामगारांसाठीचे पान केले होते. त्यात ‘योग्य हातमोजे वापरावेत’ असे वाक्य होते. योग्य म्हणजे नायट्राइल की ब्युटाइल, हे विचारणारा फोरमन भेटला म्हणून बरे. अ‍ॅसिटोनसाठी नायट्राइलचे पातळ हातमोजे घातले तर ते बघता बघता पाझरू लागतात. तुम्ही द्रावक हाताळणाऱ्या कारखान्यात होतात, तुम्हाला हे न सांगता कळेल.

म्हणून तुमच्या दुसऱ्या पर्यायात जाताना ‘इन्सिडंट’ या शब्दावर समाधान मानू नका. त्या प्रकल्पाच्या व्याप्तीत धोकादायक द्रव्यांचे मूल्यमापन आहे का, हे आधी विचारा. असेल तर पहिल्याच महिन्यात तो भाग मागून घ्या. तिथे तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असलेला लीड तुम्हाला विचारत येईल. नसेल, तर टिपणे काढण्याचे तीन महिने मी तरी घालवणार नाही. जाता जाता, जर्मन भाषेची बी-वन, म्हणजे मध्यम, पातळी गाठता आली तर पाहा. डेटा शीट वीस भाषांत निघते, पण सुरक्षा प्रमुख बैठकीत भांडतो ते जर्मनमध्येच.


पाताळगंगा

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस मुद्दाम उत्तर दिले नाही; आधी चौकशी करून मग लिहावे असे वाटले.

टाइल्सवाला यांनी सांगितल्याप्रमाणे खोडी आणि विषय असा हिशेब एका वहीत मांडून पाहिला. खोडींचे पान अपेक्षेपेक्षा लवकर भरले, याची थोडी लाज वाटली. विषयाच्या पानावर मिश्रणांचे वर्गीकरण, डेटा शीटचे सोळा विभाग, धोकादायक मालाच्या तपासणीचे नियम आणि फ्रेजची शिस्त एवढे उरले. इतके हातात असेल तर मी रिकाम्या हाताने कुठेच जात नाही, असे वाटते. सुरक्षा अधिकाऱ्यांनी लिहिलेले चार देशांचे चार हिशेब मी कारखान्यात असतानाही कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

दुसऱ्या प्रकल्पाच्या व्याप्तीची फाइल मागवून वाचली. धोकादायक द्रव्यांचे मूल्यमापन त्यात आहे, पण ते दुसऱ्या टप्प्यात आहे आणि तो टप्पा पुढच्या वर्षी सुरू होणार आहे. तोपर्यंत पहिल्या टप्प्यात अपघाताच्या नोंदीच आहेत. म्हणून मी आमच्या व्यवस्थापकांना असे सुचवले आहे, की सपोर्टचे नेतृत्व मी वर्षभरासाठी घेतो, तीन वर्षांसाठी नाही. या वर्षात नव्या धोका-वर्गांचे काम आणि स्थलांतराचा आराखडा एकाच प्रस्तावात ग्राहकापुढे ठेवतो. ग्राहकाने होकार दिला तर मी तिथेच राहतो आणि नकार दिला तर दुसऱ्या प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात जातो. हे ईमेलमध्ये लिहून द्यावे असेही म्हटले आहे. व्यवस्थापक हसले, ‘सात वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी लेखी मागितलेस’ म्हणाले आणि सोमवारपर्यंतची वेळ घेतली.

दरम्यान, फ्लॅशपॉइंट यांच्या प्रसंगानंतर काल संध्याकाळी सहज आमच्या ग्राहकाच्या सिस्टममध्ये शोध लावला. फ्लॅश पॉइंट टप्प्यात लिहिलेली किती स्पेसिफिकेशने निघावीत? चाळीस. त्यातल्या अकरांमध्ये टप्प्याचा खालचा आकडा ६० च्या आत आहे आणि वरचा ६० च्या बाहेर. टीप मात्र फक्त तिघांखाली आहे. उरलेल्या आठांची यादी आज सकाळी ग्राहकाच्या उत्पादन सुरक्षा विभागातल्या बाईंना पाठवली आणि प्रयोगशाळेचे मूळ अहवाल मिळतील का, असे विचारले आहे.